सामना संपल्यावर काय उरते?
कतारच्या विश्वचषकाचा जमाखर्च आणि आपली घरे

१० डिसेंबर २०२२ ची रात्र. इशाची नमाज झाली आणि आमच्या मोहल्ल्यातील अर्धी माणसे एकाच घराच्या ओटीवर जमली, कारण मोठा टीव्ही तिथेच होता. मोरोक्को विरुद्ध पोर्तुगाल. मोरोक्कोने एका गोलने सामना जिंकला आणि विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब संघ ठरला. लहान मुले अंगणात नाचत होती. टीव्हीवर वरून टिपलेले अल थुमामा स्टेडियम दिसले. अरब मुले डोक्याला घालतात त्या 'गहफिया' टोपीच्या आकाराचे, पांढरेशुभ्र. कोणीतरी म्हणाले, "काय बांधलंय!"

माझा चुलतभाऊ शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "भाई, तिथल्या रस्त्याखालची ड्रेनेज लाईन आमच्या गँगने टाकली. जून-जुलैमध्ये."

आठ वर्षे तो दोहामध्ये होता. स्पर्धा सुरू होण्याच्या तीन महिने आधी कंपनीचे काम संपले आणि त्याला परत पाठवण्यात आले. ज्या स्पर्धेसाठी एवढे खपला, ती त्याने आमच्यासारखीच गावातल्या ओटीवर बसून पाहिली.

हे सारे आज आठवण्याचे कारण त्याचा थोरला मुलगा. तो यंदा माझ्याच शाळेत दहावीला आहे. मागच्या महिन्यात तो म्हणाला, "चाचा, सौदीत २०३४ चा वर्ल्ड कप आहे. कामच काम निघणार. परीक्षा दिली काय, नाही दिली काय, मी जाणार." त्याच्या अब्बाने माझ्याकडे पाहिले. मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. म्हणून मी हिशेब मांडायला बसलो. तो हिशेब केवळ आमच्या घरापुरता नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवतो आहे.

लग्नघराचा खर्च

२ डिसेंबर २०१० रोजी झुरिचमध्ये मतदान झाले. शेवटच्या फेरीत अमेरिकेला ८ आणि कतारला १४ मते पडली. २०२२ चा विश्वचषक कतारला मिळाला. हा देश आकाराने आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या बेरजेहूनही लहान. लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास, आणि त्यांत मूळ कतारी नागरिक जेमतेम तीन-साडेतीन लाख. बाकी सारे बाहेरून आलेले. त्यांत सर्वांत मोठी संख्या भारतीयांची, सात लाखांहून अधिक.

या स्पर्धेवर कतारने २०० अब्ज डॉलर खर्च केले असे सगळीकडे छापून आले. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. यापूर्वी कोणत्याही विश्वचषकावर एवढा खर्च झाल्याचे ऐकिवात नव्हते. २०१४ मध्ये ब्राझीलने किंवा २०१८ मध्ये रशियाने केलेला खर्च साधारण ११ ते १५ अब्जांच्या घरातला. मग कतारचा आकडा एवढा मोठा कसा?

आपल्याकडे घरात लग्न निघाले की काय होते ते आठवा. मंडप, वलीमा, कपडे, दागिने हा लग्नाचा खर्च. पण त्याच निमित्ताने घराला रंग लागतो, गळकी कौले बदलली जातात, नवीन संडास-बाथरूम बांधले जाते, अंगणात फरशी बसते. कोणी विचारले तर आपण म्हणतो, "लग्नाला दहा लाख गेले." खरे तर त्यांतले पाच लाख घराला लागलेले असतात आणि पाहुणे गेल्यावरही ते घर राहते.

कतारचे तसेच झाले. स्टेडियमांवरचा खर्च सांगितला जातो तो सुमारे ६.५ अब्ज डॉलर. बाकी पैसा रस्ते, सांडपाण्याच्या वाहिन्या, बंदर, हॉटेले, २०१४ मध्ये सुरू झालेला हमद विमानतळ, २०१९ मध्ये धावू लागलेली दोहा मेट्रो आणि लुसैल हे जवळजवळ नवेच शहर यांत गेला. यांतले बरेच काही २००८ साली जाहीर झालेल्या 'कतार राष्ट्रीय दृष्टिकोन २०३०' या आराखड्यात बसणारे होते. नैसर्गिक वायू विकून आलेला पैसा वायू संपण्याआधी दुसऱ्या उद्योगांत गुंतवायचा, असा त्यामागचा विचार. विश्वचषकाने कामाला तारीख दिली. लग्नाची तारीख ठरली की गवंडी कसा वेळेवर येतो, तसे.

म्हणून '२०० अब्ज एका खेळावर उधळले' हे म्हणणे पुरते बरोबर नाही. आणि 'सगळी गुंतवणूकच होती' हेही पुरते बरोबर नाही. निव्वळ स्टेडियमांचा खर्च ६४ सामन्यांवर वाटला तरी एका सामन्यामागे सुमारे १० कोटी डॉलर येतात. तेव्हाच्या दराने आठशे कोटी रुपयांहून जास्त. हे गणित मी नववीच्या वर्गात घातले, तेव्हा मुलांनी उत्तर चुकले म्हणून दोनदा तपासले.

पैसा आला, पण कोणाच्या खिशात?

स्पर्धा २९ दिवस चालली. मैदानांत एकूण ३४ लाख प्रेक्षक बसले. देशात सुमारे १४ लाख पाहुणे आले. हॉटेले, टॅक्स्या, खानावळी, विमाने, सर्वांना धंदा झाला. तरीही आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी हिशेब केला, तेव्हा स्पर्धेमुळे कतारच्या त्या वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नात पडलेली भर फार तर एक टक्क्याच्या आसपास निघाली. कमी नाही, पण खर्चाच्या मानाने मोठीही नाही.

याची कारणे तीन आहेत आणि ती कोणत्याही यजमान देशाला लागू पडतात.

पहिले, स्पर्धेची खरी मलई यजमानाकडे जात नाही. टीव्हीवर दाखवण्याचे हक्क, मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती, तिकिटे यांचा पैसा मुख्यतः फिफाकडे जातो. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाची कमाई साडेसात अब्ज डॉलरच्या वर गेली. जगज्जेत्या अर्जेंटिनाला ४ कोटी २० लाख डॉलर मिळाले. यजमानाच्या वाट्याला येतो तो पाहुण्यांनी बाजारात केलेला खर्च. हॉल आपण बांधायचा, जेवण आपण घालायचे आणि आहेराची पाकिटे तिसऱ्याने न्यायची, असा हा करार.

दुसरे, काही पाहुणे येतात तेव्हा काही येणारे टळतात. गर्दी आणि महागाई यांना भिऊन नेहमीचा प्रवासी त्या महिन्यात दुसरीकडे जातो. म्हणून आलेल्यांची संख्या मोजताना न आलेल्यांची वजा करावी लागते. जाहिरातीतल्या आकड्यांत ही वजाबाकी बहुधा नसते.

तिसरे, तोच पैसा दुसरीकडे लावला असता तर काय झाले असते, हा प्रश्न. कतारकडे वायूचा पैसा होता, कर्जाच्या बोजाखाली दबण्याची वेळ आली नाही. सगळ्यांचे तसे नसते. कॅनडातील माँट्रियल शहराने १९७६ मध्ये ऑलिंपिक भरवले आणि त्याच्या स्टेडियमचे कर्ज फेडायला २००६ साल उजाडले. तीस वर्षे! ज्यांनी ते खेळ पाहिले, त्यांच्या नातवंडांच्या काळापर्यंत हप्ता चालू होता. ग्रीसने २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी बांधलेली कित्येक मैदाने पुढे गवतात गेली. ब्राझीलची राजधानी ब्राझीलियामधील महागड्या स्टेडियमच्या आवारात नंतर बसगाड्या उभ्या राहू लागल्या.

खुर्च्या जास्त, माणसे कमी

कतारमध्ये आठ स्टेडियम होती, सात नवीन आणि एक जुने दुरुस्त केलेले. आठांची आसनसंख्या मिळून चार लाखांच्या वर जाते. म्हणजे देशाचे सारे मूळ नागरिक, तान्ह्या बाळांसकट, एकाच वेळी बसले तरी खुर्च्या उरतील.

हे कतारला आधीच कळत होते. म्हणून वरचे मजले काढता येतील अशी रचना काही ठिकाणी केली होती आणि काढलेल्या खुर्च्या गरीब देशांना देण्याचे जाहीर झाले होते. '९७४' नावाचे स्टेडियम तर ९७४ मालवाहू कंटेनर वापरून उभारले होते आणि स्पर्धेनंतर सुटे करता येईल असे बनवले होते. कतारचा फोनचा कोडही ९७४ च. २०२४ च्या सुरुवातीला आशिया चषकही कतारमध्येच झाला आणि यांतली बरीच मैदाने पुन्हा वापरात आली. ती स्पर्धा आधी चीनमध्ये व्हायची होती. २०२२ मध्ये आपले तिन्ही सामने हरलेल्या कतारच्या संघाने तो चषक जिंकला, हेही खरे.

पर्यटनात फरक दिसला. २०१९ मध्ये वर्षभरात सुमारे २१ लाख परदेशी पाहुणे येत, २०२३ मध्ये ते ४० लाखांवर आणि २०२४ मध्ये ५० लाखांच्या आसपास गेले. देशाचे नाव झाले, हा फायदा पैशात मोजणे कठीण, पण तो आहे. उलट बाजूला बांधकाम थंडावले आणि २०२३ मध्ये अर्थव्यवस्थेच्या वाढीचा वेग बराच खाली आला. आमचा भाऊ जसा परत आला, तसे हजारो परतले. देशाच्या आकडेवारीत ही घट एका ओळीत मावते. आमच्या तालुक्यात मात्र ती कितीतरी घरांत जाणवली.

घाम कोणाचा?

आता आमच्या घराचा हिशेब. तो माझ्या भावजयीने एका शंभर पानी वहीत ठेवला आहे. पहिल्या पानावर लिहिले आहे : एजंटला १ लाख १० हजार. त्यासाठी तिचे सोने तारण ठेवले होते. २०१४ मध्ये पगार ९०० रियाल, म्हणजे तेव्हाचे सुमारे १५ हजार रुपये. खाणे आणि फोन वजा जाता घरी येत दहा हजार. व्याज धरून सोने सुटायला तेरा महिने लागले. म्हणजे पहिले वर्षभर तो एजंटसाठी राबला.

पुढच्या पानांवर दोन खोल्यांवरचा स्लॅब आहे, बहिणीचे लग्न आहे, चाचीच्या डोळ्यांचे ऑपरेशन आहे. मी भावजयीला विचारले, शेवटी जमा किती? ती म्हणाली, "भाईजान, पैसा आला, नाही म्हणत नाही. पण आठ वर्षांत चार ईदा एकत्र झाल्या. ते कोणत्या खात्यात लिहू?"

आमचा माणूस परत आला, यासाठी आम्ही अल्लाहचे शुक्र मानतो. सगळे आले नाहीत. ब्रिटनच्या 'गार्डियन' या वृत्तपत्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये छापले, की यजमानपद मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत दक्षिण आशियातील पाच देशांचे ६,५०० हून अधिक कामगार कतारमध्ये मरण पावले. त्यांत भारताचे २,७११. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. तो सर्व प्रकारच्या कामांवरील, सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंचा आहे, एकट्या स्टेडियमांवरचा नाही. कतारच्या आयोजन समितीने स्टेडियमांच्या कामावर प्रत्यक्ष कामामुळे ३ आणि इतर कारणांनी ३७ मृत्यू झाल्याचे सांगितले. नोव्हेंबर २०२२ मध्ये समितीच्या प्रमुखांनी एका मुलाखतीत ४०० ते ५०० चा आकडा बोलून दाखवला. तो सर्व क्षेत्रांतील कामावरच्या मृत्यूंचा आहे, असा खुलासा नंतर झाला.

आकड्यांत एवढे अंतर पडण्याचे एक कारण दाखल्यावरच्या शब्दांत आहे. धडधाकट तरुण रात्री झोपतो, सकाळी उठत नाही आणि दाखल्यावर 'नैसर्गिक कारण' किंवा 'हृदय बंद पडले' असे लिहिले जाते. दिवसभरच्या उन्हाचा त्याच्याशी संबंध होता का, हे बहुधा तपासलेच जात नाही. मृत्यू कामामुळे झाल्याची नोंद नसली, तर घरच्यांना कामाची भरपाईही मिळत नाही. एका शब्दावर एका कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरते.

या टीकेमुळे काही बदलही झाले, तेही सांगितले पाहिजे. 'कफाला' पद्धतीत कामगाराला मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलता येत नसे आणि देश सोडता येत नसे. २०१८ ते २०२० या काळात कतारने या दोन्ही अटी बहुतांशी काढल्या. मार्च २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल झाले, आणि मालक राहणे-जेवण देत नसेल तर ८०० रियाल वेगळे. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करण्यास मनाई झाली. भरतीसाठी घेतलेले पैसे परत करण्याच्या योजनेत कंत्राटदारांनी सुमारे ४९ हजार कामगारांना मिळून २ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. माझ्या भावाला त्यांतले काही मिळाले नाही. त्याची कंपनी रस्त्याच्या कामाची उपकंत्राटदार होती, त्या योजनेत नव्हती. कायदा चांगला झाला, पण तो खालच्या कंत्राटदारापर्यंत पोहोचेपर्यंत कित्येकांची वर्षे निघून गेली.

अ‍ॅम्नेस्टी या संस्थेने मागणी केली होती, की संघांना जेवढी बक्षिसे देता तेवढीच रक्कम, ४४ कोटी डॉलर, कामगारांच्या भरपाईसाठी ठेवा. तसे झाले नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी हातावर ठेवावी, हे आपल्या घरांत मुलांना बोलता येऊ लागले की शिकवले जाते. हा नियम गरिबाच्या दारातल्या गवंड्याला लागू आहे आणि अब्जावधीच्या कंत्राटालाही. देश मुसलमानांचा असला म्हणून हिशेब विचारणे सोडायचे नसते. उलट तिथे तो अधिक आपुलकीने विचारला पाहिजे.

आपल्या दारातले सामने

२०२३ मध्ये क्रिकेटचा विश्वचषक भारतात झाला. मुंबईत आणि पुण्यातही सामने झाले. आयसीसीने नंतर सांगितले, की त्यातून ११,६३७ कोटी रुपयांचा आर्थिक परिणाम झाला आणि साडेबारा लाख लोकांनी मैदानात जाऊन सामने पाहिले. हा आकडा वाचतानाही वरची वजाबाकी लक्षात ठेवावी. पुण्याच्या एखाद्या कुटुंबाने तिकिटांवर पाच हजार खर्च केले, तर त्या महिन्यात त्यांनी हॉटेलात जाणे किंवा कपडे घेणे टाळले असेल. तो पैसा नवीन नाही, फक्त एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेला. नवा पैसा तो, जो बाहेरून आलेला पाहुणा सोडून जातो. मात्र मैदाने बहुतांशी आधीचीच होती, म्हणून मोठे कर्ज डोक्यावर बसले नाही. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हायच्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारत प्रयत्न करतो आहे. तेव्हा नागरिक म्हणून आपण तीनच प्रश्न विचारावेत : नंतर मैदान कोण वापरणार, देखभालीचा खर्च कोण देणार, आणि बांधणाऱ्याला मजुरी वेळेवर मिळणार का?

२०३४ आणि आपली मुले

११ डिसेंबर २०२४ रोजी २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला मिळाला. पाच शहरे, पंधरा स्टेडियम, त्यांतली बरीचशी अजून बांधायची. म्हणजे आमचा पोरगा म्हणतो ते खोटे नाही, काम निघणार. प्रश्न एवढाच, की त्या कामावर आपली मुले कोणत्या पायरीवर उभी असतील.

शिक्षक म्हणून आणि ज्याच्या घरी ती वही आहे असा चुलता म्हणून चार गोष्टी सांगतो.

दहावी पास व्हा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर बहुधा 'ईसीआर' शिक्का येतो, आणि सौदी-कतारसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. ही परवानगी संरक्षणासाठीच आहे, ती चुकवण्यासाठी कोणी 'व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बघू' म्हणाला तर त्याच्या दारातून परत फिरा. दहावीनंतर आयटीआयचा वायरमन, वेल्डर, एसी-फ्रिज दुरुस्ती असा एखादा कोर्स केला तर बिगारी म्हणून जाणे टळते आणि पगारात मोठा फरक पडतो.

एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. त्याला कायद्याने ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढेच घेता येते. पावती मागा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावरचा आकडा यासाठीच वर दिला आहे.

करारातील पगार, कामाचे तास, राहण्याची सोय आणि परतीचे तिकीट स्वतः वाचा किंवा वाचून घ्या. एक प्रत घरी ठेवा. तोंडी सांगितलेला पगार तिथे कोणी मानत नाही.

प्रवासी भारतीय विमा योजना काढल्याशिवाय पाय उचलू नका. दोन वर्षांचा हप्ता काहीशे रुपयांचा आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. ज्यांच्या घरी हे घडले, त्यांना या काहीशे रुपयांची किंमत कळते.

हे सारे मी त्या मुलाला त्याच्या अम्मीसमोर सांगितले. ती वहीही त्याच्यापुढे ठेवली. त्याने पहिले पान बराच वेळ पाहिले. मग विचारले, "अम्मी, तुझे सोने?" त्याला हे ठाऊकच नव्हते. आपण मुलांना पाठवलेला पैसा दाखवतो, तो कसा उभा राहिला ते दाखवत नाही. ही चूक आपली.

त्याचा जाण्याचा विचार बदलला आहे असे मी म्हणणार नाही. पण परीक्षेचा फॉर्म त्याने भरला आहे आणि आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी करायला जूनमध्ये आम्ही दोघे तालुक्याला जाणार आहोत, इन्शाअल्लाह. तो गेलाच, तर परतताना त्याच्या वहीचे पहिले पान वेगळे असावे, एवढीच दुआ आहे.